टेलवरून पाहिलेले तंत्रज्ञान

ऊर्जा आणि कारखानदारी यांतल्या नव्या तंत्रज्ञानावर मराठीत जे बोलले-लिहिले जाते, त्याचे सर्वसाधारणपणे दोन सूर असतात. एका सुरात सगळे उद्याच बदलणार असते: हायड्रोजनवर ट्रॅक्टर, पाचटापासून इंधन, मोबाइलवर उसाची तब्येत. दुसऱ्या सुरात हे सगळे अनुदान लाटण्याचे धंदे ठरतात. बावड्यासारख्या गावात राहणाऱ्याला हे दोन्ही ऐकू येतात, पण त्याची गरज निराळी असते. त्याला याच हंगामात निर्णय घ्यायचा असतो. सौर पंपाचा अर्ज भरायचा की थ्री फेजच्या लाइटची वाट पाहायची? पाचट रानात कुजवायचे की गोळा करायला येणाऱ्याला द्यायचे? डिस्टिलरी वाढवण्यासाठी कारखाना कर्ज काढणार असेल, तर सभेत हात वर करायचा की नाही? पुढच्या प्रकरणांचा विषय हे निर्णय आहेत, आणि त्यांच्यामागचा वाद जाणकार माणसाने कसा ऐकावा हे सांगणे एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

बावडा हे इंदापूर तालुक्यातले, इंदापूर–अकलूज रस्त्यावरचे गाव. दक्षिणेला नीरा, पलीकडे सोलापूर जिल्हा. पूर्वेला नीरा-नरसिंहपुरात नीरा भीमेला मिळते. तालुक्याच्या उत्तरेला उजनीचा फुगवटा. रेड्याजवळ शहाजीनगरला नीरा-भीमा, बिजवडीला कर्मयोगी आणि भवानीनगरला छत्रपती असे सहकारी साखर कारखाने एकाच तालुक्यात. शेजारच्या बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर. नव्या ऊर्जेच्या चर्चेत येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा कच्चा माल या टापूत आहे: ऊस, बगॅस, मोलॅसिस, प्रेसमड, पाचट, शेण आणि वर्षातले बहुतेक दिवस लख्ख ऊन. नाही ते एकच, भरवशाचे पाणी.

आणि हा टापू नव्या तंत्राला नवखाही नाही. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला आणि १८८५ मध्ये त्यातून पाणी वाहू लागले. त्या काळातले ते सर्वांत मोठे ‘उगवते तंत्रज्ञान’. जिराईत मुलखात बारमाही ऊस उभा राहिला. पण पाणी आले तसे त्याचे दुखणेही आले. मुबलक पाणी आणि निचऱ्याची सोय नाही, त्यामुळे कालव्याखालच्या कित्येक जमिनी काही वर्षांतच पाणथळ, खारवट झाल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी या कालव्यासाठी ब्लॉक पद्धत मांडली: ओलिताचे क्षेत्र ब्लॉकमध्ये वाटायचे, प्रत्येक ब्लॉकच्या साधारण एक-तृतीयांश भागातच ऊस घ्यायचा, उरलेल्यात भुसार पिके फिरवायची. त्यांनी धरणाची भिंत बदलली नाही की कालव्याचा उतार बदलला नाही. वापराची रीत बदलली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हा धडा दगड-चुन्याच्या कामाइतकाच मोलाचा आहे.

कालव्याने आणखी एक दृष्टी दिली. कालव्याचे हिशेब मुखाशी मांडले जातात, आणि ते खरे की खोटे हे टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, कळते. बावड्याचा परिसर या कालव्याच्या टेलकडचा. वरच्या अंगाला पाळी वेळेवर मिळाली म्हणून खाली मिळेलच असे नाही, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. नव्या तंत्रज्ञानाकडेही असेच टेलवरून पाहावे, असे माझे म्हणणे आहे. दिल्ली-मुंबईत योजना जाहीर होते तेव्हा ती मुखाशी असते. वाटेत तिच्यातून काय काय झिरपते, कोण मध्येच मोटार टाकते आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत किती पोचते, हे पाहिल्याशिवाय ‘व्यवहार्य’ हा शब्द वापरू नये.

या तालुक्याने यंत्रे नुसती वापरली नाहीत, घडवलीही. कळंबच्या माळावर, म्हणजे आजच्या वालचंदनगरला, वालचंद हिराचंदांनी उसाचे मळे वसवले आणि १९३० च्या दशकात साखर कारखाना उभारला. त्याच दशकात नीरेपलीकडे माळीनगरला सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना काढला. वालचंदनगरच्या कारखान्याची यंत्रे दुरुस्त करणारी कार्यशाळा पुढे यंत्रेच बनवू लागली: आधी साखर कारखान्यांची, मग बॉयलर, मोठे गिअर, अणुऊर्जा केंद्रांचे भाग आणि इस्रोच्या अग्निबाणांची आवरणे. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन निघालेल्या अग्निबाणाच्या घन इंधनाच्या बूस्टरसाठीची आवरणे घडवण्यात इंदापूर तालुक्यातल्या या कारखान्याचा हात होता. ही मजल एका झेपेत मारलेली नाही. मिलचा रोलर झिजला तर तो इथेच कातायचा, या गरजेतून ती सुरू झाली. दुरुस्ती करता करता निर्मिती शिकता येते, आणि जिथे दुरुस्ती होत नाही तिथे आणलेले यंत्र परकेच राहते.

याच्या शेजारी फलटणचे उदाहरण ठेवले पाहिजे. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड ज्वारीपासून अल्कोहोल, त्यावर चालणारे कंदील आणि शेगड्या, उसाच्या पाचटावर आणि बगॅसवर चालणारे गॅसिफायर असे प्रयोग अनेक वर्षे केले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी विजेवर चालणारी सायकलरिक्षाही बनवली. २०२२ मध्ये राजवंशींना पद्मश्री मिळाली. फलटणपासून जवळच, बारामतीच्या एमआयडीसीत, पियाजिओचा तीनचाकींचा कारखाना आहे, आणि आज तिथून विजेवरच्या तीनचाकी बाहेर पडतात. फलटणच्या रिक्षात शिशाची जड बॅटरी होती; आजच्या गाडीत लिथियमची हलकी बॅटरी आहे. मधल्या वीस वर्षांत बॅटरी सुधारली, स्वस्त झाली, डिझेल महागले, शहरांनी धुराबद्दल कडक नियम केले. कल्पना पहिल्या दिवसापासून बरोबर होती. तिच्या भोवतीची सामग्री नंतर तयार झाली. म्हणून एखादा प्रयोग थांबला की ‘फसला’ असा शिक्का मारण्याची घाई करू नये. तो का थांबला, ते टिपून ठेवावे. पुढच्या पिढीला त्या टिपणाचाच उपयोग होतो.

आता आजच्या वादांकडे वळू. त्यांत सर्वांत रंगलेला वाद इथेनॉलचा. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने बी-हेवी मोलॅसिस (बरीच साखर मागे ठेवलेली मळी) आणि थेट उसाच्या रसापासून इथेनॉल करण्याचा मार्ग मोकळा झाला. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणले गेले. व्याजात सवलत मिळाली, कारखान्यांनी कर्जे काढली, डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या. त्या उत्तम चालल्याही. मग २०२३ चा पावसाळा कोरडा गेला, साखर कमी पडण्याची धास्ती निर्माण झाली आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गाळपाच्या दिवसांत, रसापासून इथेनॉल करू नये असा केंद्राचा आदेश आला. पुढे तो थोडा सैल झाला, नंतरच्या हंगामासाठी उठलाही. पण त्या दिवसांत टाक्या, स्तंभ, कामगार, ऊस सगळे जागेवर असताना काम अडले, ते यंत्रातल्या कोणत्याही दोषामुळे नाही.

दुसरी गोष्ट भावाची. २०२२-२३ मध्ये उसाची एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) क्विंटलला ३०५ रुपये होती; २०२५-२६ साठी ती ३५५ रुपये झाली. त्याच काळात रसाच्या इथेनॉलचा दर लिटरला ६५ रुपये ६१ पैसे आणि बी-हेवीचा ६० रुपये ७३ पैसे, जिथल्या तिथे राहिला. दरम्यान धान्याच्या, विशेषतः मक्याच्या, इथेनॉलने पुरवठ्यात उसाला मागे टाकले. शेतकऱ्याला एफआरपी वाढून मिळाली हे न्याय्यच झाले. पण कच्च्या मालाचा दर आणि पक्क्या मालाचा दर हे दोन्ही जेव्हा तिसराच कोणी ठरवतो, तेव्हा प्रकल्प अहवालातली ‘परतफेड पाच वर्षांत’ ही ओळ सभासदाने फार सावधपणे वाचायला हवी.

इथेनॉलइतकाच बोलका विषय बगॅसचा. शेवटच्या मिलमधून बाहेर पडणारा बगॅस मुठीत घेऊन दाबला की कोमट ओल तळहाताला लागते. त्याच्या वजनात निम्मे पाणीच असते. उसाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के भरणारा हा चोथा पूर्वी कमी दाबाच्या बॉयलरमध्ये कसाबसा जाळून संपवला जाई, कारण उरला तर ठेवायचा कुठे हा प्रश्न असे. पुढे ८७ आणि ११० किलो दाबाचे बॉयलर आले, वाफेची उधळपट्टी थांबली आणि उसाच्या टनामागे शंभरावर युनिट वीज निघू लागली. को-जन हे आपल्या भागात खरोखर रुजलेले तंत्रज्ञान आहे. ते का रुजले? इंधन कारखान्याच्याच पट्ट्यावर आयते येते, बॉयलर चालवणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या तयार आहेत, आणि वाफ कारखान्याला लागतेच. नव्याला जुन्याचा आधार मिळाला.

याच बगॅसवर आता टू-जी, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या, इथेनॉलवाल्यांचा डोळा आहे. दौंड तालुक्यातल्या राहू इथे पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०१७ मध्ये शेतातल्या अवशेषांपासून इथेनॉल करण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा केला. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यावरचा मोठा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी सुरू झाला. तंतूंमधली साखर मोकळी करणे हे रसायनशास्त्र अवघड, पण जमणारे आहे. खरी अडचण हिशेबाची. बगॅस टू-जीला दिला तर बॉयलरला काय घालायचे? वीज विकून मिळणारे उत्पन्न सोडायचे का? एकच चोथा बॉयलरला हवा, कागद गिरणीला हवा आणि डिस्टिलरीलाही हवा. ‘टाकाऊपासून इंधन’ ही घोषणा ऐकली की पहिला प्रश्न हा विचारावा: आज ते खरोखर टाकाऊ आहे का?

पाचटाबाबत तर हा प्रश्न थेट रानाशी जाऊन भिडतो. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. ते पेटवणे हा अपराधच, जमिनीवरही आणि गावाच्या हवेवरही. पण न पेटवता रानातच कुजवले तर सेंद्रिय कर्ब वाढतो, ओल टिकते, खोडव्याला एखादे पाणी कमी लागते. बायोगॅसच्या प्रकल्पासाठी ते उचलून दिले तर हातात रोख पैसे येतात, आणि जमिनीचा घास जातो. १ ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्राने ‘सतत’ योजना जाहीर केली. ५,००० बायोगॅस प्रकल्पांचे लक्ष्य होते, आणि ठरल्या मुदतीत आपण त्याच्या जवळपासही पोचलो नाही. आपल्याकडे त्यासाठी सोयीचा माल प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ. साधारण २५ टनांतून एक टन गॅस निघतो. पण प्रेसमड मिळते हंगामातल्या चार-पाच महिन्यांत, पडून राहिले की तापते आणि त्यातला कस जातो. प्रकल्पाला मात्र वर्षभर खाद्य लागते. शिवाय आज त्याच प्रेसमडचे खत शेतात जाते. बायोगॅसमधून निघणारी स्लरी नियमाने, रास्त दराने आणि वेळेवर सभासदाच्या रानात परत येणार असेल, तर हा व्यवहार चांगला आहे. ती अट कराराच्या कागदावर असली पाहिजे. भाषणात असून भागत नाही.

गावागावांतल्या गोबरगॅसचा अनुभव इथे आठवावा. १९८० च्या दशकात सरकारी योजनेतून महाराष्ट्रात खेडोपाडी गोबरगॅस झाले. कुठे घुमटाला तडा गेला आणि तो बुजवणारा गवंडी मिळाला नाही, कुठे गोठ्यातली जनावरे कमी झाली, कुठे सिलिंडर दारात आला. ज्यांच्याकडे दावणीला पुरेशी जनावरे होती आणि घरातली बाई किंवा गडी रोज शेण कालवत होता, त्यांच्याकडे तो वर्षानुवर्षे चालला. यंत्राच्या आयुष्याचा निकाल रोजच्या राबत्यावर लागतो.

सौर ऊर्जेचा वाद बावड्यात सर्वांत जिव्हाळ्याचा आहे, कारण तो रात्रीच्या झोपेशी निगडित आहे. आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री अशी लाइट आली की थंडीत, अंधारात, सापा-किरड्यांच्या वाटेने पाणी धरायला जावे लागते. २०२४ पासूनच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के हिस्सा भरायचा आहे. अडीच एकरापर्यंत ३, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यावर ७.५ एचपीचा पंप. विहिरीवर किंवा बोअरवर हा पंप वरदान आहे. मात्र त्याची चाल समजून घेतली पाहिजे. सकाळी पाइपातून बारीक धार येते, ऊन चढेल तशी ती भरते, दुपारी पूर्ण येते, ढग आडवा आला की लगेच खाली बसते. ठिबकला सारखा दाब लागतो. त्यासाठी मध्ये टाकी किंवा शेततळे असेल तर काम सुरळीत होते. आणि ज्याने नीरेवरून किंवा उजनीच्या फुगवट्यावरून कोसभर पाइपलाइन आणली आहे, त्याची उंची आणि अंतर ७.५ एचपीला पेलणारे नाही.

त्याच्यासाठी दुसरी वाट जास्त उपयोगाची आहे. २०१७ ची आणि २०२३ पासून विस्तारलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना पॅनेल शेतात न बसवता उपकेंद्राजवळ बसवते आणि सबंध फीडरला दिवसा वीज देते. शेतकऱ्याची मोटार तीच, पाइपलाइन तीच. पडीक जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. ऊन तेच, पॅनेलही तेच; रचना बदलली की व्यवहार्यता बदलते. ‘सौर चांगले की वाईट’ असा वाद घालण्यापेक्षा आपले पाणी कुठून येते, एवढे आधी सांगितले तर अर्धा वाद मिटतो.

पुढचा वाद मोबाइलवरच्या सल्ल्याचा. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साहाय्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केला. जानेवारी २०२५ मध्ये सत्या नाडेला यांनी त्याचा उल्लेख केल्यावर तो जगभर पोचला. रानात हवामान केंद्र, मातीत सेन्सर, वर उपग्रह, आणि हातातल्या मोबाइलवर सल्ला: आज किती पाणी, कोणते खत, कुठे रोगाची चाहूल. पाणी आणि खत यांची नासाडी थांबवणारे हे साधन मोलाचे आहे, आणि ते आपल्या शेजारी घडते आहे याचा मला अभिमान वाटतो. पण मोबाइलने आज पाणी द्या म्हटले आणि कालव्याची पाळी पुढच्या महिन्यात असली, तर सल्ल्याचे काय करायचे? ज्याची स्वतःची विहीर आणि ठिबक आहे, त्याला हे तंत्र आजच फळ देईल. टेलच्या शेतकऱ्याला ते फळ मिळायचे तर कालव्याचे वेळापत्रकही त्याच माहितीवर ठरले पाहिजे. ती सोय पाटबंधारे खात्याने करायची आहे. ती मागणे हे आपले काम.

हायड्रोजनबद्दल थोडक्यात. ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर झाले. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्यात ऊर्जा उरते सुमारे ३३ युनिटांची, आणि तिची पुन्हा वीज केली तर हाती त्याच्या निम्म्याच्या आसपास. विजेची मोटार जिथे सरळ चालते तिथे हा फेरा परवडणारा नाही. पण खत कारखाने आज नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढतात. तिथे हरित हायड्रोजनला खरे काम आहे. बावड्याला तो आला तर बहुधा खताच्या गोणीतून येईल. जागा बदलली की तेच तंत्रज्ञान खुळे किंवा शहाणे ठरते.

कारखानदारीत हा बदल माणसांच्या पोटाशी येतो. बारामतीत भारत फोर्जच्या कारखान्यात क्रँकशाफ्ट घडतात. विजेच्या मोटारीला क्रँकशाफ्ट नसतो. डिझेल इंजिन खोलून बसवणारा रस्त्यावरचा मिस्त्री, आयटीआयमधून बाहेर पडणारा फिटर, नोझल दुरुस्त करणारा कारागीर यांनी पुढची वीस वर्षे काय करायचे? वालचंदनगरचा अनुभव सांगतो की हात तयार असतील तर माल बदलता येतो. मात्र कंट्रोलर बिघडला की बंद डबा कंपनीकडे पाठवायचा, उघडायचा नाही, अशी रीत पडली तर गावात हात तयार होणार नाहीत. सुटे भाग, नकाशे आणि दुरुस्तीचे शिक्षण तालुक्याच्या ठिकाणी मिळणे ही मागणी पंपाच्या अनुदानाइतक्याच जोराने केली पाहिजे.

या सगळ्या वादांतून मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. व्यवहार्यता ही माहितीपत्रकात छापून येत नाही. माल, पाणी, बाजार, दुरुस्ती आणि जोखीम या पाचांची एका ठिकाणी जुळणी झाली की ती तयार होते. पैकी पहिल्या चारांवर चर्चा होते. पाचवीवर, म्हणजे बुडाले तर कोणाचे बुडणार यावर, फारच कमी बोलले जाते. प्रयोग झालेच पाहिजेत. प्रयोगावाचून हा माळ आजही जिराईत असता. पण दोन एकरवाल्याच्या डोक्यावर प्रयोगाचा खर्च टाकणे हे अन्यायाचे आहे. पहिली चाचणी विद्यापीठाने, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेने, सरकारने, ज्यांना तोटा सोसतो त्यांनी करावी. तिचे आकडे, फसलेलेसुद्धा, मराठीत आणि उघड मांडावेत.

सहकाराने इथल्या शेतकऱ्याला एक अधिकार दिला आहे, जो जगातल्या बहुतेक ऊस उत्पादकांना नाही: तो कारखान्याचा मालक आहे. प्रकल्प अहवालावर त्याचे मत लागते. म्हणून हा वाद अभियंत्यांवर आणि पुढाऱ्यांवर सोपवून मोकळे होता येणार नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल वाचून झाल्यावर ‘मंजूर, मंजूर’च्या आधी सभासदाने उठून शांतपणे विचारावे: यासाठी लागणारा माल आज कुठे जातो? हंगाम संपल्यावर हे यंत्र काय खाणार? सरकारने दर किंवा नियम बदलला तर आपले किती महिने निभावतील? बिघडले तर ते कोण, किती दिवसांत, कुठे दुरुस्त करणार? आणि कर्जाचा हप्ता थकला तर कपात कोणाच्या ऊसबिलातून होणार? या पाच प्रश्नांची आकड्यांत उत्तरे देऊ शकणाऱ्या प्रकल्पाच्या पाठीशी सगळ्या गावाने उभे राहावे. ज्याला ती देता येत नाहीत, त्याला आणखी एक हंगाम अभ्यासाला द्यावा. पुढची प्रकरणे वाचताना हेच प्रश्न लेखकांनाही विचारावेत.